ॲप उघडल्यावर शरीर काय करतं? आपलं आपण तपासायची पद्धत

कुणाचा तरी मेसेज यायचा आहे. स्क्रीनवर ‘टाइप करत आहे’ अशी अक्षरं उमटतात, जातात, पुन्हा उमटतात. त्या पाच-सात सेकंदांत तुमचा श्वास चालू होता का, हे आज एकदा बघा. खांदेही कानांकडे सरकलेले असतील आणि दातांवर दात घट्ट बसलेले. मेसेज अजून आलेलाच नाही, पण शरीर त्याच्या तयारीला लागलेलं आहे.

फोनचा त्रास म्हटलं की आपण तास मोजतो. हे माप मला फार अपुरं वाटतं. नकाशा बघण्यात गेलेली २० मिनिटं आणि भांडणाच्या कमेंट वाचण्यात गेलेली २० मिनिटं घड्याळाच्या लेखी सारखीच. मान, छाती आणि डोळे मात्र दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवतात. म्हणून इथे दिलेली पद्धत ॲपनिहाय आहे. तिला चार-पाच आठवडे लागतात: पहिले दीड ते अडीच आठवडे नुसतं बघायला, पुढचे दिवस एकेक बदल करायला. एक छोटी वही, पेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ एवढं पुरतं. नोंद फोनमध्ये करू नका. नोंदीसाठी उघडलेला फोन दहा मिनिटांनी कुठे असतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

पायरी १: फोन जवळ नसतानाचं शरीर

तुलना करायला काहीतरी हवं, म्हणून आधी आपली एरवीची स्थिती लिहून ठेवायची. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पाच मिनिटं शांत बसा आणि मग चार गोष्टी नोंदवा.

नाडी: तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नाडी बघू नका. अंगठ्याचेच ठोके जाणवून घोटाळा होतो. निरोगी प्रौढ माणसाची बसल्या जागची नाडी साधारण ६० ते १०० असते, पण इथे दुसऱ्याच्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. तुमचा आकडा काय, एवढंच हवं.

श्वास: प्रौढांमध्ये मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा. अडचण अशी की मोजायला लागलं की श्वासाची चाल बदलते. घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत मोजायला सांगा. ते जमत नसेल तर आकडा सोडा आणि श्वास पोटापर्यंत जातोय की छातीच्या वरच्या भागातच फिरतोय, एवढंच लिहा.

जबडा: ओठ मिटलेले असले तरी स्वस्थ असताना वरच्या-खालच्या दातांत थोडं अंतर असतं. ते आहे का?

तळहात: कोरडे की ओलसर, गरम की गार.

तीन दिवस, शक्यतो एकाच वेळी, ही नोंद करा.

पायरी २: एका ॲपची एक नोंद

सगळी ॲप तपासायला जाऊ नका. सर्वांत जास्त उघडली जाणारी पाच निवडा. रोज एक किंवा दोन. नेहमीच्या जागी, नेहमीच्या पद्धतीने बसून किंवा पडून वापरा. साधा गजर आठ मिनिटांचा लावा. गजर झाला की आहात तसेच थांबा. ‘बघतोय’ म्हटल्यावर लगेच पाठ सरळ करण्याचा मोह होतो, तो आवरायचा. आता डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने बघा: डोळे, जबडा, मान, खांदे, श्वास, पोट, अंगठा, पाय. शेवटी नाडी. मग एका ओळीत लिहा.

माझ्या वहीतल्या दोन ओळी देते, म्हणजे कल्पना येईल. ‘मेल, सकाळी ९.१०, खुर्चीत. श्वास अडकलेला, जबडा आवळलेला, नाडी ८२, एरवी ७०.’ आणि ‘व्हिडिओ, रात्री १०.३०, पलंगावर कुशीवर. श्वास संथ, नाडी ६८, डोळे चुरचुरतात, डाव्या करंगळीला मुंग्या.’ मला वाटायचं, रात्रीचे व्हिडिओच माझं सगळं बिघडवतात. वही बघितल्यावर कळलं की व्हिडिओंनी डोळे आणि हात थकत होते, पण छातीतली धडधड सकाळच्या मेलची होती. दोन वेगळी दुखणी, दोन वेगळे उपाय. तास मोजून हे मला कधीच कळलं नसतं.

प्रत्येक ॲपच्या निदान तीन नोंदी झाल्याशिवाय मत बनवू नका. चहा-कॉफीनंतर, जिने चढून आल्यावर किंवा ताप असताना घेतलेली नाडीची नोंद धरू नका.

पायरी ३: नोंदींचा अर्थ लावणं

श्वास अडकलेला दिसला तर

ही नोंद सर्वांत जास्त वेळा सापडते आणि सर्वांत कमी लक्षात येते. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या लिंडा स्टोन यांना मेल वाचताना स्वतःचा श्वास थांबतो असं आढळलं. त्यांनी इतरांचंही निरीक्षण केलं आणि २००८ साली या सवयीला ‘ई-मेल ॲप्निया’ (ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं) हे नाव दिलं. ते काही काटेकोर प्रयोगशाळेतलं संशोधन नव्हतं, पण नाव टिकलं, कारण वाचणाऱ्याला स्वतःवर पडताळून बघता आलं.

यामागची यंत्रणा मात्र जुनी आणि चांगली अभ्यासलेली आहे. अनपेक्षित काही समोर आलं की प्राणी क्षणभर थबकतो. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी याला ‘हे काय आहे?’ अशी प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तळहातांतल्या घामग्रंथी जाग्या होतात, हृदयाची गती क्षणभर कमी होते, श्वास रोखला जातो. समोरचं धोक्याचं निघालं तर पुढे ठोके वाढतात, काही नसलं तर सगळं पूर्ववत होतं. रानात पाचोळा सळसळला तर हे व्हायलाच हवं. पण मेलच्या यादीत वरून खाली जाताना प्रत्येक ओळ हा एक नवा पाचोळा असतो, आणि मधे पूर्ववत व्हायला वेळच मिळत नाही.

उपाय श्वास सोडण्यात आहे. आपण घाबरल्यावर ‘मोठा श्वास घे’ म्हणतो, पण हृदय मंदावतं ते उच्छ्वासाच्या वेळी, कारण तेव्हा व्हेगस या मज्जातंतूचा लगाम जास्त लागतो. म्हणून चारपर्यंत मोजत श्वास घ्या आणि सहा-सातपर्यंत मोजत सोडा. दिवसभर लक्षात ठेवू म्हटलं तर राहत नाही. एखाद्या कृतीला बांधून टाका. ‘पाठवा’ दाबण्याआधी एक लांब उच्छ्वास, आणि यादीतला पुढचा मेल उघडण्याआधी एक. माझ्या बाबतीत एवढ्याने आठवड्याभरात जबडाही सैल झाला. त्यासाठी वेगळं काहीच केलं नव्हतं.

नोटिफिकेशनला अंग दचकत असेल तर

२०१५ साली अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या संशोधकांनी आयफोन वापरणाऱ्या ४० जणांना शब्दकोडी सोडवायला दिली. मधेच काही कारण सांगून फोन थोडा दूर ठेवला आणि तो वाजवला. उचलता येत नव्हता. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढला, कोड्यातली कामगिरी घसरली. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं की नोटिफिकेशन नुसतं आलं, फोनला हातही लावला नाही, तरी चालू कामातल्या चुका वाढतात. शरीराच्या दृष्टीने ‘मी बघितलंच नाही’ हा बचाव चालत नाही. दचकणं होऊन गेलेलं असतं.

खिशात फोन थरथरल्याचा भास हाही याच सवयीचा भाग. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत ८९ टक्के जणांना हा भास झालेला होता. त्यात आजार काही नाही. त्वचेला एका विशिष्ट जागी विशिष्ट स्पर्शाची वाट बघायची सवय लागते, मग कापडाची हालचाल किंवा स्नायूचं फुरफुरणंही तिला फोन वाटतं. खिसा बदलला किंवा व्हायब्रेशन बंद केलं की अनेकांचा भास ओसरतो.

आता सेटिंग. नोटिफिकेशनच्या यादीत जा आणि प्रत्येक ॲपला एकच प्रश्न विचारा: ही सूचना एका तासाने कळली तर काय बिघडेल? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं की आवाज, व्हायब्रेशन आणि लॉक स्क्रीनवर दिसणं, तिन्ही बंद. नुसता आवाज बंद करून उपयोग नाही. उलट्या ठेवलेल्या फोनचं टेबलावरचं घरघरणं कानाला आणि हाताला पोहोचतंच. फोन कॉल आणि जवळच्या माणसांचे मेसेज यांना मात्र वेगळा, मऊ आवाज ठेवा. एकच सूर सगळ्यांना दिला तर शरीराला दर वेळी तयारी करावी लागते. ‘हा आवाज म्हणजे आईच’ असं कळलं की बाकीच्या वेळी ते निवांत राहतं. आणि बाकी सगळं दिवसातून तीन ठरलेल्या वेळी स्वतः उघडून बघा.

अंगठा थांबत नसेल तर

फीड, म्हणजे ॲपमधली एकाखाली एक येत राहणारी पोस्टची रांग, बघताना एक खूण ओळखता येते: डोळे वाचून संपवण्याआधी अंगठा पुढे ओढतो. ही खूण वहीत आली तर ते ॲप तुम्ही वाचत नाही आहात, ते नुसतं सरकवलं जातंय.

याचा संबंध डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी लावतात, पण बहुतेकदा चुकीच्या अर्थाने. डोपामिन म्हणजे आनंदाचा रस नव्हे. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी बक्षिसापेक्षा बक्षिसाच्या अंदाजाला प्रतिसाद देतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर उसळतात, ठरल्याप्रमाणे मिळालं तर फारशा हलत नाहीत, अपेक्षित असून मिळालं नाही तर मंदावतात. फीडमध्ये पुढची गोष्ट कधी छान निघते, कधी फुसकी, आणि कधी काय निघेल याचा नेम नसतो. त्यामुळे अंदाज कधी पक्का होत नाही आणि हात पुढे जात राहतो. त्यातून २००६ साली सॉफ्टवेअर रचनाकार एझा रस्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली; पान संपल्यावर थांबून ‘पुढे जाऊ का?’ असं मनाशी विचारायची जागाच गेली. रस्किन यांनी पुढे याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे.

ती जागा आपण परत आणायची. मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती साधी आहे: फीडचं ॲप फक्त उभं राहून उघडायचं. पलंगावर किंवा खुर्चीत शरीर निरोप देणं थांबवतं. उभं असलं की पाय, कंबर आणि धरलेला हात दहा-बारा मिनिटांत बोलू लागतात, आणि ते थांबायचं निमित्त होतं. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. ॲपचं चिन्ह पहिल्या पानावरून काढून टाका, म्हणजे बोट सवयीने जिथे जातं तिथे काही सापडणार नाही.

डोळे चुरचुरत असतील तर

एरवी आपल्या पापण्या मिनिटाला साधारण १५ वेळा लवतात. स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. शिवाय जी पापणी लवते तीही अर्धीच मिटते. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतला स्निग्ध पदार्थ पुरेसा पसरत नाही, अश्रूंचा थर लवकर वाळतो. गंमत अशी वाटेल की कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहतं, पण ते त्याच चुरचुरण्याला दिलेलं उत्तर असतं.

दर २० मिनिटांनी ६ मीटर लांबचं काहीतरी २० सेकंद बघा, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. जवळचं बघताना आतला सिलिअरी स्नायू आवळलेला असतो, लांब बघितलं की तो सैल होतो, म्हणून सल्ला बरोबरच आहे. पण चुरचुरण्यावर माझा भर पापणीवर आहे. डोळे सावकाश, पूर्ण मिटा, क्षणभर थांबा, उघडा. असं दहा वेळा. मोठा व्हिडिओ संपला की एकदा, लेख संपला की एकदा.

दुसरा बदल अक्षरांच्या आकाराचा. तो दोन पायऱ्यांनी वाढवा. अक्षर मोठं झालं की हात आपोआप फोन लांब धरतो. ‘लांब धर’ असं स्वतःला बजावत बसावं लागत नाही. चाळिशीनंतर तर हे करायलाच हवं, कारण भिंगाची लवचिकता कमी झालेली असते. ब्राइटनेससाठी पांढरं पान उघडा: ते दिव्यासारखं चमकत असेल तर कमी करा, राखाडी वाटत असेल तर वाढवा. डार्क मोड सगळ्यांना मानवतो असं नाही. काळ्यावर पांढरं वाचताना बाहुली मोठी होते, आणि चष्म्यात सिलिंडर नंबर असलेल्यांना अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसू शकतात. तुमची वही जे सांगेल ते खरं.

स्क्रोल करताना मळमळ किंवा गरगरल्यासारखं होत असेल, तर डोळ्यांना हालचाल दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला ती जाणवत नाही, हा विसंवाद त्यामागे असतो. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ या प्रणालीतल्या सरकत्या-फुगत्या दृश्यांमुळे अनेकांनी अशा तक्रारी केल्या होत्या. फोनच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात हालचाल कमी करायची सोय असते. ती चालू करा.

मान आणि हात

मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हन्सराज यांचा २०१४ चा अभ्यास फार फिरतो: डोकं सरळ असताना मानेवर साधारण ५ किलोचा भार, ६० अंश झुकवलं की २७ किलो. हे आकडे संगणकावरच्या प्रतिकृतीतले आहेत, जिवंत माणसांच्या मानेत मोजलेले नाहीत, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण दिशा बरोबर आहे. फोन वर आणा, आणि हात दुखू नये म्हणून कोपराखाली उशी घ्या. कोपर खूप दुमडून फोन धरला तर तिथून जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूवर ताण येतो. माझ्या करंगळीच्या मुंग्या त्याच होत्या. फोनखाली करंगळीची फळी करायची सवय सोडा. एका हाताने टाइप करणाऱ्यांना अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखतं. फ्रिट्झ द कर्व्हॅं या स्विस शल्यचिकित्सकाने या दुखण्याचं वर्णन १८९५ मध्ये केलं होतं, म्हणजे फोनच्या कितीतरी आधी. कारण बदललं, कंडरा त्याच राहिल्या. लांब मजकूर बोलून टाइप करा.

पायरी ४: रात्रीची यादी वेगळी करा

डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. निळसर प्रकाशाने त्या उत्तेजित होतात आणि ‘अजून दिवस आहे’ असा निरोप मेंदूतल्या घड्याळाला देतात, आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवणं लांबतं. २०१५ च्या एका प्रयोगात १२ जणांनी पाच संध्याकाळी चार-चार तास पूर्ण उजेडाच्या टॅब्लेटवर वाचन केलं. छापील पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी १० मिनिटं जास्त लागली आणि मेलाटोनिनचं चक्र सुमारे दीड तासाने पुढे सरकलं. चार तास आणि पूर्ण उजेड, हे लक्षात घ्या. फोन लहान असतो, तो मंद ठेवला तर प्रकाशाचा वाटा घटतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वहीतली नाडी. ज्या ॲपने ठोके एरवीपेक्षा ८-१० ने वाढतात, ते झोपेआधीच्या तासात नको, मग स्क्रीन कितीही पिवळी करा. उलट ज्याने श्वास संथ होतो, उदाहरणार्थ आवाजात ऐकायची गोष्ट, त्याला रात्री जागा द्यायला हरकत नाही. हेडफोन असेल तर आवाज जपून: जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे वेळ निम्मा होतो.

पायरी ५: एका वेळी एकच बदल, मग फेरनोंद

सगळी सेटिंग एकाच दिवशी बदलली तर कशाने काय झालं हे कळणार नाही. ज्या ॲपची नोंद सर्वांत वाईट, तिथून सुरुवात करा, एक बदल करा, चार दिवसांनी पुन्हा आठ मिनिटांचा गजर लावा. फरक नसेल तर तो बदल सोडून दुसरा. माझ्या पाचपैकी एका ॲपची ओळ काही केल्या सुधारली नाही. ते मी काढून टाकलं.

लहान मुलं वही लिहू शकत नाहीत, त्यांच्याकडे तुम्हालाच बघावं लागेल: तोंड उघडं, पापणी स्थिर, हाक मारल्यावर उत्तर नाही, आणि फोन घेतल्यावर अंग ताठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं.

काही नोंदी मात्र सेटिंग बदलून बघायच्या नसतात. छातीत दुखणं, ठोके अनियमित पडणं, एकाचं दोन दिसणं, अचानक अंधुक होणं, यासाठी लगेच डॉक्टर गाठा. बोटांचा बधिरपणा किंवा मनगटाचं दुखणं विश्रांती देऊनही दोन-तीन आठवडे राहिलं तरी दाखवा. जाताना वही सोबत न्या. ‘नेमकं कधी होतं?’ हा प्रश्न ते विचारतीलच, आणि तारीख-वेळेसकट उत्तर त्यात लिहिलेलं आहे.